छपराचा राडारोडा व भाड्याची ट्रॉली

उन्हाळा उतरणीस लागला कीं गांवोगांवीं जुनीं छपरें उकलण्याची घाई सुरू होते. पत्रे कोणते घ्यावे, वासे लांकडी कीं लोखंडी, सुताराची मजुरी किती, या गोष्टींचा विचार घरधनी महिना महिना करितो. परंतु उतरलेलें छप्पर जाणार कोठें, हा प्रश्न त्यास अंगणांत ढीग पडल्यावरच सुचतो. महसूल खात्याच्या नोकरींत आमचीं बरींच वर्षें बांध, ओढे व गायरानें यांसंबंधींच्या तक्रारी नोंदण्यांत गेलीं. त्यांतील कित्येकांचें मूळ असल्याच एखाद्या ढिगांत होतें. म्हणून पावसाळ्यापूर्वीं छप्पर बदलूं इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंपुढें हा विषय मांडीत आहों.

अमेरिकेंत छप्पर बदलावयाचें असतां एक मोठी उघडी लोखंडी पेटी भाड्यानें आणून दाराशीं ठेवितात. तीस तिकडे ‘डम्प्स्टर’ म्हणतात. टेनेसी राज्यांतील नॉक्सव्हिल येथील डेम्प्स्टर बंधूंनीं १९३० च्या दशकांत अशी पेटी यंत्रानें गाडीवर उचलून रिकामी करण्याची युक्ति काढिली. त्यांच्या नांवावरून हा शब्द रूढ झाला. पेटीचें आकारमान केवढें, ती किती दिवस राहणार व तींत किती वजन भरतां येईल, हें तेथें आधींच ठरतें. आपल्याकडे त्या पेटीचें काम ट्रॅक्टरची ट्रॉली करिते. साधन निराळें असलें तरी प्रश्न तेच आहेत.

ओझ्याचा हिशेब

प्रथम माळवदाचा विचार करूं. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद अशा खोलीवर एक फूट जाडीचा मातीचा थर असेल तर ती माती ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास झाली. खणल्यावर माती मोकळी होऊन फुगते. तेव्हां ती पावणेचार ब्रासांच्या घरांत जाते. वजन सुमारें १२ टन भरतें. दहा फूट लांब, पांच फूट रुंद व दोन फूट खोल ट्रॉलींत एक ब्रास मावते. म्हणजे या एका खोलीस चार खेपा लागतील. एवढें ओझें आपल्या डोक्यावर असतें याची जाणीव पुष्कळांस नसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत मातींत रचलेल्या दगडी भिंती व हींच जड माळवदें कोसळून हजारों माणसें गाडलीं गेलीं.

कौलांचें ओझें पुष्कळ कमी असतें. मंगळुरी कौल अदमासें अडीच किलोंचें असून १०० चौरस फुटांस सुमारें १४० कौलें लागतात. ४०० चौरस फुटांच्या पाख्यांवर ५६० कौलें, म्हणजे १४ क्विंटल वजन झालें. यांतील शाबूत कौलें राडारोडा नव्हेत. तीं हातोहात उतरवून उभीं रचून ठेवावीं. गोठ्यास उपयोगी पडतात किंवा विकलीं जातात. वर नेण्याचा राहतो तो फक्त फुटका माल, व त्यास एक खेप पुरते.

ट्रॉली ठरवितांना

तोंडी ठरलेला दर काम संपल्यावर निराळाच ऐकूं येतो. म्हणून चार ओळींचें टांचण करावें: दर खेपेचा कीं दिवसाचा, ट्रॉलीचें माप काय, भरणें व उतरविणें कोणाकडे, आणि माल कोठें टाकावयाचा. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. जागा ठरलेली नसली कीं चालक जवळचा ओढा गांठतो. ट्रॉली टणक जमिनीवर उभी करून चाकांस दगड लावावे. माल फळ्यांच्या वर शीग लावून भरूं नये, आणि रस्त्यावर धूळ उडूं नये म्हणून वरून ताडपत्री बांधावी.

टाकावें कोठें

माळवदाची पांढरी माती शेतांत पसरण्याची चाल जुनी आहे. तींतील कांच, चुन्याचे गोळे व लोखंड वेंचून मगच ती न्यावी. विटा-दगड स्वतःच्या जोत्याच्या भरावास किंवा शेतरस्त्याच्या खड्ड्यांस चालतात. परंतु ओढा ही कोणाची रिकामी जागा नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणें खाजगी मालकीचे नसलेले ओढे, नाले व रस्ते सरकारचे आहेत. पात्रांत दोन ट्रॉल्या माल पडला कीं पहिल्याच मोठ्या पावसांत पाणी वळतें, शेजाऱ्याचा बांध फुटतो आणि पिढ्यांचा सलोखा तालुक्याच्या कचेरींत जातो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनींही बांधकामाच्या राडारोड्याची जबाबदारी तो निर्माण करणारावरच ठेविली.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. त्यांत बहुधा ॲसबेस्टॉसचे तंतु असतात. पत्रा फोडला किंवा कापला म्हणजे त्यांची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत जाते, व तिचा परिणाम कित्येक वर्षांनीं दिसतो. सर्व प्रकारचा ॲसबेस्टॉस कर्करोगकारक आहे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून असे पत्रे वरून फेंकूं नयेत. पाण्यानें भिजवून, बोल्ट सोडवून, अखंड खालीं घ्यावे. बारीक धूळ अडविणारी मुखपट्टी वापरावी. जाड प्लॅस्टिकमध्यें गुंडाळून निराळे ठेवावे. आणि ते कोठें द्यावयाचे हें ग्रामपंचायतीस व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास विचारून घ्यावें. त्यांचे तुकडे भरावांत किंवा शेतांत कदापि जाऊं देऊं नयेत.

आतां गुरांची गोष्ट. रिपांचे खिळे, तारा व वायसर अंगणांत सांडतात, वैरणींत मिसळतात व जनावराच्या पोटांत जातात. गाईबैल चारा न चावतां गिळतात. खिळा पोटाच्या जाळींत अडकून पुढें हृदयापर्यंत रुततो. दावणीचें जनावर दोन रुपयांच्या खिळ्यानें जावें, यापरतें नुकसान कोणतें? काम चालूं असतां गुरें दूर बांधावीं, आणि शेवटची खेप गेल्यावर दोरीस लोहचुंबक बांधून सारें अंगण दोनदां फिरून काढावें.

तात्पर्य, छपराच्या खर्चाच्या यादींत पत्रे, खिळे व मजुरी यांच्या खालीं राडारोड्याची एक ओळ अवश्य असावी: खेपा किती, दर काय, जागा कोणती. ही ओळ भरल्यावांचून पहिलें कौल उतरवूं नये, इतकीच आमची शेतकरी बंधूंस विनंति आहे.