ख्रिस्तविक्रय : दोन ग्रीक शब्दांचा अर्थविचार

धर्मोपदेशाचे द्रव्य घ्यावे की नाही, हा वाद ख्रिस्ती समाजात त्या धर्माइतकाच जुना आहे. त्याची चर्चा बहुधा मध्ययुगातील पापक्षमापत्रांच्या विक्रीपासून आरंभिली जाते. वस्तुतः आद्य ख्रिस्ती ग्रीक लेखनातच या दोषाला नावे मिळाली होती. त्या नावांचा अर्थ नीट लाविल्यास निषेध नेमका कशाचा होता, हे कळून येते.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१७) 'कापेलेउओ' हे क्रियापद योजिले आहे. ते 'कापेलोस', म्हणजे किरकोळ विक्रेता, विशेषतः मद्यविक्रेता, या नामापासून साधलेले आहे. या धंद्याला भेसळीचा संशय कायमचा चिकटलेला होता. यशयाच्या ग्रीक भाषांतरात (१:२२) हेच विक्रेते द्राक्षारसात पाणी मिसळतात. प्लेटोनेही 'प्रोतागोरास' या संवादात सोफिस्टांना आत्म्याच्या अन्नाचे विक्रेते ठरविताना हाच शब्द वापरला. तेव्हा पौलाच्या वाक्यात वचन विकणे आणि वचनात पाणी घालणे, असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. भाषांतरकाराच्या हाती बहुधा एकच लागतो. माझ्या मते दुसरा अर्थ पहिल्यातूनच निघतो. गिऱ्हाइकाच्या रुचीवर पोट अवलंबले की माल पातळ होऊ लागतो.

मात्र पौलाचा विरोध मोबदल्यालाच होता, असे नव्हे. पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो उपदेशकाचा निर्वाहाचा हक्क ठामपणे मांडतो आणि स्वतःपुरता तो सोडून देतो. करिंथ येथे तो तंबू करण्याच्या धंद्यावर राहिला. याबाबतीत मनुस्मृती अधिक कठोर आहे. वेतन घेऊन शिकविणाऱ्या 'भृतकाध्यापका'ला तिने श्राद्धाच्या पंक्तीतून उठविले आहे. (आम्हा प्राध्यापकांची मग वाटच लागली!)

दुसरा शब्द 'ख्रिस्तेम्पोरोस'. तो 'दिदाखे' या आद्य आचारग्रंथात (१२:५) येतो. या ग्रंथाची १०५६ सालची हस्तलिखित प्रत फिलोथेओस ब्रियेन्निओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली व १८८३ मध्ये त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. 'एम्पोरोस' म्हणजे देशोदेशी फिरणारा व्यापारी; त्याला ख्रिस्ताचे नाव जोडून हा समास झाला. हा शब्द उपदेशकाला लाविला असेल, अशी आपली अपेक्षा असते. परंतु तो साध्या प्रवाशाला लाविलेला आहे. ख्रिस्ताचे नाव घेऊन जो येतो, पण काही काम करण्यास राजी नसतो, तो ख्रिस्तेम्पोरोस. येथे शिकवण विकलेलीच नाही; केवळ नावावर पोट भरले आहे. ही व्याप्ती मला फार महत्त्वाची वाटते.

उपदेशकासाठी त्याच ग्रंथाचे निराळे नियम आहेत. फिरत्या प्रेषिताने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढील मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितल्यास तोही खोटा. खऱ्या संदेष्ट्याला मात्र धान्याचा, द्राक्षारसाचा व गुरांचा प्रथमभाग द्यावा. म्हणजे फिरत्या प्रेषिताला अन्न चालते, नाणे चालत नाही. त्यालाही अपवाद आहे : मागणी इतर गरजूंसाठी असेल, तर मागणाऱ्याला कोणी दोष देऊ नये.

दूरचित्रवाणीवरून देणगी मागणाऱ्या उपदेशकाला हाच अपवाद लावावयाचा, तर त्याचे हिशेब पाहावे लागतील. अमेरिकेत चर्चसंस्थांवर करखात्याला वार्षिक माहितीपत्रक सादर करण्याचे बंधन नाही. दिदाखेच्या काळी पाहुणा दोन दिवस घरातच असे.