कुलाब्यातील एक दिवस

मुंबईतील कुलाबा हे एके काळी बेट होते. १८३८ साली पुऱ्या झालेल्या रस्त्याने ते शहरास जोडले गेले. येथील दिवस भल्या पहाटे सुरू होतो. १८७५ मध्ये बांधलेल्या ससून गोदीत मासळीच्या बोटी लागतात आणि लिलावाच्या गलबल्याने धक्का दुमदुमतो. मग इराण्याच्या हॉटेलात ब्रून-मस्का व चहा घ्यावा. इराणातून आलेल्या लोकांनीच ही गोडी मुंबईस लावली. पुढे समुद्रकाठी ‘गेटवे ऑफ इंडिया’ची भव्य कमान दिसते. पंचम जॉर्ज बादशहाच्या १९११ मधील आगमनाचे हे स्मारक १९२४ साली पुरे झाले. परंतु २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीखालून मायदेशी परतली. राज्यकर्त्यांच्या स्वागताचे द्वार त्यांच्या निरोपाचे द्वार ठरले!