महाविद्यालयीन तरुणांचे मद्यपान : प्रज्ञापराध आणि आपले कर्तव्य

अम्लपित्त, निद्रानाश, अनुत्साह वा विस्मृती अशा तक्रारी घेऊन येणारा महाविद्यालयीन तरुण मद्यपानाविषयी सहसा आपणहून बोलत नाही. वैद्याने विचारले नाही, तर चिकित्सा केवळ लक्षणांभोवती फिरत राहते व हेतू तसाच उरतो.

हेतूंचा विचार करता वसतिगृहातील मोकळीक, मित्रांचा आग्रह, परीक्षेचा ताण व एकाकीपणा ही कारणे प्रामुख्याने आढळतात. चरकाचार्यांनी धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या अशुभ कर्मास ‘प्रज्ञापराध’ म्हटले आहे. येथे प्रथम धृती ढळते. अहित कळत असूनही नकार देण्याचे बळ राहत नाही. पुढे मद्यच धी व स्मृती यांवर आघात करते आणि परिणाम हाच नवा हेतू बनतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्णादी दहा गुण ओजाच्या गुरु, शीत, मृदू आदी दहा गुणांच्या विरुद्ध सांगितले आहेत. संयम व निर्णय यांच्याशी निगडित मेंदूचा अग्रभाग साधारण पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो, असे आधुनिक विज्ञान सांगते. म्हणजे घडण चालू असतानाच हा आघात होतो. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

व्यवहारात तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, पालकांना बाहेर बसवून रुग्णास निर्भर्त्सना न करता विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली उपयुक्त आहे. ८ वा अधिक गुण हे धोक्याचे चिन्ह होय. दुसरी, नित्य अतिपान करणाऱ्यास एकाएकी मद्य सोडावयास लावू नये. कंप, आक्षेप व प्रलाप उद्भवून प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात वा व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावे. तिसरी, आसवारिष्टांत स्वनिर्मित मद्यांश असतो, याचे भान ठेवावे. मदात्ययात शास्त्राने युक्तिपूर्वक मद्ययोजना सांगितली असली, तरी तिचा आधार घेऊन अशा तरुणास आसवे देऊ नयेत. चूर्ण, वटी, क्वाथ हे पर्याय आहेतच.

औषधविक्रेत्या बंधूंनीही चिठ्ठीविना वारंवार आसवांच्या बाटल्या मागणाऱ्या तरुणास त्या न देता वैद्याकडे पाठवावे. त्यात एका बाटलीची विक्री बुडेल, पण एका विद्यार्थ्याचे ओज वाचू शकेल.