पांढऱ्या शिरेतले घड्याळ

मुंबई-गोवा महामार्गाने येताना संगमेश्वरच्या अलीकडे तुरळ लागते. इथल्या गरम पाण्याच्या कुंडात हात बुडवून ठेवता येत नाही. पाणी साठ अंशांच्या घरातले. याच संगमेश्वर तालुक्यात राजवाडीला आणि आरवलीलाही असेच झरे आहेत. खाली कुठला ज्वालामुखी धगधगत नाही. पावसाचेच पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेची वाट धरून वर येते. कातळाच्या मानाने हे पाणी कालपरवाचे. पण ज्या भेगेतून ते येते, ती भेग कधी पडली?

संगमेश्वर म्हटले की आपल्याला संभाजी महाराज पकडले गेले ते १६८९ साल आठवते, कारण माणसांनी ते लिहून ठेवले. कातळाला भेग पडली तेव्हा लिहायला कोणी नव्हते. तरीही तिची तारीख काही वेळा भेगेतच सापडते.

डोंगर कापून रस्ता काढलेला असतो तिथे काळ्या कातळात एखादी पांढरी शीर दिसते. ती बहुधा गारगोटी असेल किंवा कॅल्साइट. सुरीच्या टोकाने ओरखडा उठला, तर कॅल्साइट. त्याच्या चुऱ्यावर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात. हातोडीचा हलका घाव घातला की त्याचे तिरकस विटांसारखे तुकडे पडतात आणि तुकडा कितीही लहान असला तरी कोन तोच राहतो. स्वच्छ, पारदर्शक तुकडा छापील ओळीवर ठेवला तर एका ओळीच्या दोन ओळी दिसतात. हा दगड भेगेतून वाहणाऱ्या पाण्यातून कणाकणाने जमतो. म्हणजे भेग आधीची आणि शीर नंतरची. शिरेचे वय कळले की भेग निदान तेवढी जुनी आहे हे पक्के होते. आणि भूस्तर सरकत असतानाच कॅल्साइट वाढत गेला असेल, तर त्या हालचालीचीच वेळ हाती लागते.

वय कळते ते युरेनियममुळे. प्राणवायू असलेल्या पाण्यात युरेनियम सहज विरघळते. कॅल्साइट वाढत असताना त्याचे थोडे अणू आत अडकतात. थोडे म्हणजे किती, तर बहुतेक वेळा एक टन कॅल्साइटमध्ये एक ग्रॅमही नाही! अडकलेले हे अणू ठरलेल्या गतीने शिशात बदलत जातात. युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. ६ कोटी वर्षे उलटली तरी युरेनियम-२३८ च्या शंभर अणूंतला जेमतेम एक बदललेला असतो. आधीच मूठभर अणू, आणि त्यांतला शंभरातला एक मोजायचा!

त्यात आणखी एक अडचण. सह्याद्रीच्या लाव्हाची वेळ काढताना भूवैज्ञानिक ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी थरांमधल्या तांबड्या पट्ट्यांतले झिरकॉन या खनिजाचे कण वापरले. झिरकॉन जन्मताना शिशाला जवळजवळ थारा देत नाही, त्यामुळे त्याची पाटी कोरी असते. कॅल्साइटचे तसे नाही. पाण्यातले शिसेही तो आत घेतो. मग आत सापडलेल्या शिशातले मूळचे किती आणि नंतर तयार झालेले किती?

एकाच पेढीत, एकाच दिवशी, एकाच दराने उघडलेली पंचवीस खाती डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाचे मुद्दल वेगळे. एकाच खात्यावरून काही उमगत नाही, पण सगळी शेजारी शेजारी मांडली की मुद्दल जास्त तिथे व्याज जास्त, हा हिशेब उलगडतो आणि खाती उघडल्याचा दिवस निघतो. कॅल्साइटचेही तसेच. एकाच शिरेत कुठे युरेनियम जास्त, कुठे कमी. केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर लेसर मारून त्या जागेची वाफ करतात. ती वायूच्या झोताबरोबर काही हजार अंश तापलेल्या प्लाझ्मात जाते आणि पुढचे यंत्र अणू त्यांच्या वजनानुसार मोजते. असे अनेक ठिपके आलेखावर एका रेषेत बसले की त्या रेषेवरून वय मिळते. ते विखुरले तर समजावे की नंतरच्या पाण्याने या घड्याळात ढवळाढवळ केली आहे. यंत्र बरोबर मोजते आहे ना, हे ताडायला अमेरिकेतला सुमारे २५ कोटी ४० लाख वर्षांचा कॅल्साइट मापाचा दगड म्हणून वापरतात.

२०१६ साली निक रॉबर्ट्स आणि रिचर्ड वॉकर या भूवैज्ञानिकांनी उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर हीच रीत वापरली. ती बेटेही आपल्यासारखीच लाव्हाच्या थरांची. तिथल्या भेगा खंड तुटताना पडल्या, अशी समजूत होती. शिरांनी वेगळेच सांगितले: खंड तुटून गेल्यावरही कोट्यवधी वर्षे तिथला कातळ फाटत राहिला होता.

हे वाचल्यापासून मला आपला कातळ वेगळा दिसतो. सह्याद्री सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हे आपण शाळेत शिकतो आणि जणू गोष्ट तिथेच संपली असे मानतो. पण ती तर कातळाची जन्मतारीख झाली. त्यानंतर सेशेल्सचा भूभाग तुटून दूर गेला, अरबी समुद्र रुंदावला, कडे मागे हटत गेले. त्या सगळ्या आयुष्याच्या खुणा काळ्या दगडात नाहीत, त्याच्या भेगा भरून काढणाऱ्या पांढऱ्या शिरांत आहेत.

तुरळच्या कुंडावर वाफ उठते तेव्हा खाली पाणी नव्या-जुन्या भेगा धुंडाळत असते. कोकणच्या कातळात आज कुठे एखाद्या भेगेच्या भिंतीवर कॅल्साइटचा कण बसत असेल, तर त्याच्यासोबत युरेनियमचे चार अणूही आत कोंडले गेले असतील. त्यांचे घड्याळ आजपासून सुरू झाले.