क्लचची तार : तिचे कार्य व तिची दुरुस्ती

२०१८ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. शेजारच्या एका वृद्ध बाईंस बांबोळीच्या रुग्णालयात न्यावयाचे होते. बेळगावहून पहाटे निघालेली आमची जुनी मारुती ८०० कणकुंबी ओलांडून चोर्ला घाटापाशी आली, तोच ‘कट्’ असा आवाज झाला आणि क्लचचे पेडल जमिनीस टेकले ते वर येईना. इंजिन चालू होते, चाके शाबूत होती. परंतु पेन्सिलीहूनही बारीक अशी एक तार तुटली आणि सारी गाडी पांगळी झाली. त्या तारेची ओळख विद्यार्थिमित्रांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लचची तबकडी असते. स्प्रिंगच्या जोरावर ती इंजिनाच्या जड चक्राला घट्ट दाबलेली राहते, म्हणून इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. गिअर बदलताना हा संबंध क्षणभर तोडावा लागतो. पेडल दाबले की तार ओढली जाते, तार गिअरपेटीवरील तरफ फिरविते आणि तबकडीवरील दाब सुटतो. तार तुटली तर संबंध जुळलेलाच राहतो. तो सोडविण्याचे साधन मात्र हातचे जाते.

ही तार नुसती तार नव्हे. पोलादाचे अनेक बारीक धागे पिळून ती केलेली असते आणि ती एका चिवट नळीतून जाते. नळी नसती, तर ओढताच वाकडी तार सरळ झाली असती आणि ओढ वाया गेली असती. नळीची दोन्ही टोके पक्की असल्यामुळे वळणांतूनही ओढ नेमकी पोहोचते. तुमच्या सायकलच्या ब्रेकमध्येही हीच युक्ती आहे. १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी तिचे पेटंट मिळविले. म्हणून तिला बाउडेन केबल असे नाव पडले.

तार एकाएकी तुटत नाही. नळीत पाणी शिरून गंज चढतो, वंगण आटते, आणि टोकाशी जेथे ती वारंवार वाकते तेथे एकेक धागा तुटू लागतो. पेडल जड होते, करकरते, गिअर खरखरत पडतो. ही सूचना आम्हांस महिनाभर मिळत होती; आम्ही तिकडे दुर्लक्ष केले.

त्या दिवशी चालकाने इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली व तसेच स्टार्टर फिरविले. गाडी हिसका देऊन निघाली आणि त्याच गिअरमध्ये सावकाश घाट उतरून साखळीस पोहोचली. तेथून दुसऱ्या वाहनाने बाईंस वेळेवर रुग्णालयात नेता आले. मात्र हा उपाय केवळ आपत्काळचा होय. समोर माणूस वा वाहन असता तो कदापि करू नये.

तुटलेली तार गाठ मारून वा डाख देऊन चालत नाही. गाठ नळीतून सरकत नाही, आणि डाख दिलेला भाग ताठ होऊन त्याच्या शेजारीच तार पुन्हा तुटते. नवी तारच घालावी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. इंजिन थंड झाल्यावर गिअरपेटीकडील नट काढून तरफेतून टोक सोडवावे, मग पेडलवरील आकडा काढावा. जुनी तार काढताना तिचा मार्ग नीट पाहून ठेवावा. नवी तार लांबीला ताडून त्याच मार्गाने, तीव्र वळण न देता व तप्त धूरनळीपासून दूर न्यावी. टोकांस ग्रीस लावून आधी पेडलला, नंतर तरफेला ती जोडावी.

शेवटी नट फिरवून ताण जुळवावा, आणि हेच खरे कौशल्य. पेडलच्या आरंभी थोडी मोकळी चाल हवी. तिचे माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती मुळीच नसेल तर तबकडी घसरून जळते. फार असेल तर दाब पुरता सुटत नाही व गिअर खरखरतो. पेडल दहावीस वेळा दाबून माप पुन्हा पाहावे.

आमची नवी तार थोड्याच पैशांत आली. महिनाभर आधी ती घातली असती, तर एका आजारी वृद्धेस पावसात, घाटात, जीव मुठीत धरून बसावे लागले नसते. यंत्र बोलत नाही असे आपण म्हणतो. वस्तुतः ते बोलत असते, ऐकणाराच हवा.