आधी तोडायचे, मग बांधायचे

पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव सोडून आळेफाट्याकडे निघाले की जुन्नर तालुक्यातली पिंपळवंडी लागते. टोमॅटो, कांदा, ऊस आणि द्राक्षांचा हा पट्टा. इथल्या शिवारात विहिरीजवळ किंवा हौदाशेजारी एक ठरलेली जागा असते. तिथे औषध कालवायचे, पंप भरायचा आणि फवारणी आटोपली की तिथेच तो धुवायचा. फवारलेले औषध रानभर पातळ पसरते. या दोन-चार हात जागेत मात्र ते वर्षानुवर्षे मुरत राहते. दूषित मातीची चर्चा इथूनच सुरू करायला हवी.

अशी माती खोदून कुठे नेणार? त्याऐवजी विकरांकडून, म्हणजे एन्झाइमांकडून, ती जागच्या जागी सुधारता येते. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 2013 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. द्राक्षवेलींवरून आणि मुळांभोवतीच्या मातीतून त्यांनी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे काही वाण वेगळे केले. प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचे विघटन या वाणांमुळे द्राक्षमण्यांवर आणि बागेतल्या मातीतही वेगाने झाले. डीआर-39 हा वाण त्यात सरस ठरला.

प्रोफेनोफॉस हे सेंद्रिय फॉस्फरस गटातले औषध. या गटातली औषधे किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात. काही जिवाणूंची विकरे पाण्याच्या रेणूच्या मदतीने नेमका फॉस्फरसजवळचा बंध तोडतात आणि औषधाची ती धार जाते. फिलिपिन्समधल्या भातखाचरातून असा जिवाणू शोधणाऱ्यांत एन. सेतुनाथन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. त्याची नोंद 1973 सालची.

पण तोडले म्हणजे संपले नाही. प्रोफेनोफॉस तुटल्यावर 4-ब्रोमो-2-क्लोरोफिनॉल हा तुकडा उरतो. क्लोरोफिनॉलांचा वर्गही निरुपद्रवी नाही. म्हणून तोडणाऱ्या विकराच्या पाठोपाठ बांधणारे विकर हवे.

ते काम लॅकेज करते. जपानी शास्त्रज्ञ योशिदा यांना 1883 साली लाखेच्या झाडाच्या चिकात त्याचा सुगावा लागला. कुजत्या लाकडावर आणि काडीकचऱ्यावर वाढणाऱ्या बुरशी ते भरपूर स्रवतात. धिंगरी अळिंबी ही त्यांतलीच एक. लॅकेजच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात. हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने ते फिनॉलमधला एक इलेक्ट्रॉन काढून घेते. अस्थिर झालेला फिनॉल मग जवळच्या रेणूला पकडतो. चिरलेले वांगे काळे पडते ते अशाच नात्यातल्या विकरामुळे. मातीत हा जवळचा रेणू बहुधा ह्युमसचा, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय अंशाचा, असतो. क्लोरोफिनॉल त्याच्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो आणि जोडताना काही वेळा त्यातला क्लोरीनही सुटतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जाँ-मार्क बोलाग यांनी हा मार्ग अनेक वर्षे तपासला. असा बांधलेला तुकडा पाण्याबरोबर विहिरीकडे सहजी वाहत नाही. जिवाणू ह्युमस पचवू लागले की तो थोडा थोडा सुटतो, पण एकदम नव्हे.

याला मर्यादाही आहेत. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातल्या मोरचुदाचे तांबे मातीत साठते. ते मूलद्रव्य असल्याने कोणतेही विकर त्याचे तुकडे करू शकत नाही. शुद्ध विकर महाग पडते. शिवाय चिकण मातीच्या कणांना चिकटून त्याची ताकद घटते.

मग बाटलीतले विकर आणण्याऐवजी ते तयार करणारी बुरशीच जागेवर का पोसू नये? स्वीडनमध्ये 1990च्या दशकात हेच केले गेले. पंप भरण्याच्या जागी खड्डा घेतला, तळाशी चिकण मातीचा थर दिला आणि वर निम्मा पेंढा, पाव भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) व पाव भाग माती असे मिश्रण भरून गवत लावले. पेंढ्यावर वाढणाऱ्या बुरशीने विकरे पुरवली, बाकीच्या मिश्रणाने औषध धरून ठेवले. ‘बायोबेड’ हे त्याचे नाव.

जुन्नरच्या मावळ भागात भाताचा पेंढा मिळतो, पीटऐवजी चांगले कुजलेले कंपोस्ट चालते, आणि पावसाने खड्डा भरू नये म्हणून वर पत्र्याचे छप्पर घालता येते. औषधाची रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतले, तर खड्ड्यावरचा भारही हलका होतो. असा प्रयोग करणाऱ्याने माती तपासायला देताना एक काळजी घ्यावी: प्रोफेनोफॉसबरोबर त्याच्यापासून उरणारा क्लोरोफिनॉलही मोजून मागावा. पहिल्याचा आकडा शून्यावर आला, तरी दुसऱ्याचा कळेपर्यंत माती सुधारली असे म्हणता येणार नाही.