होडीला पेलेल ती मोटर

जुनी होडी दुरुस्तीला काढली की आमच्या वसईच्या पाचूबंदरात पहिला प्रश्न येतो, "मोटर किती हॉर्सपॉवरची लावणार?" मी आयुष्यभर कारखान्यात फिटर होतो, मशीनवर माझा जीव आहे. तरीही सांगतो, हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी लाकूड तपासायचं.

माझी होडी अर्नाळ्याची. तिच्या आधीच्या मालकाने फायबरची बोट घेतली आणि ही सतरा फुटी सागवानी होडी किनाऱ्यावर झावळ्यांखाली पडून राहिली. तपासायला लहान हातोडी आणि टोच्या पुरतो. चांगली फळी हातोडीला खणखणीत वाजते, कुजलेली बद्द. टोच्या आत रुतला तर ती फळी गेली समजा. सगळ्यात जास्त कुज सापडते ती आतल्या बाजूला, पठाणाजवळ (तळाच्या मधल्या मुख्य लाकडाजवळ), जिथे पावसाचं पाणी साठतं. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात फारशी टिकत नाही, गोड्या पाण्यात फोफावते. म्हणून वापरात असलेल्या होडीपेक्षा पावसात उघडी पडलेली होडी लवकर मरते. खाऱ्या पाण्यातला शत्रू वेगळा, लाकूड पोखरणारा किडा. त्याच्यासाठी जुनी माणसं सुक्या झावळ्या पेटवून तळ शेकायची आणि वर माशाचं तेल चोपडायची.

फळी बदलली तर खिळेही बदला. लोखंडी खिळा गंजला की भोवतालचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं, मग नवा खिळा तिथे धरतच नाही. सांध्यांत कापसाची वात ठोकायची, वर राळ आणि तेलाचा लेप. हल्ली सगळे म्हणतात, वरून फायबर मारून टाक. जुन्या लाकडावर मी ते करू देणार नाही. लाकूड ओलं-सुकं होताना फुगतं, आकसतं. फायबर तसं हलत नाही, ते सुटतं आणि मधे शिरलेलं पाणी फळी आतून खातं. पाण्यात सोडण्याआधी होडीत पाणी भरून ठेवलं की फळ्या फुगून सांधे आपोआप आवळतात. पहिल्या दिवशी गळते म्हणून घाबरू नये.

सागवानाचं हे ज्ञान वसईला आजचं नाही. १६८० च्या सुमारास इथे बांधलेलं 'सांतो अंतोनियो द ताना' हे पोर्तुगीज लढाऊ जहाज १६९७ मध्ये मोंबासाच्या फोर्ट जीझससमोर बुडालं. १९७० च्या दशकात पाणबुड्या संशोधकांनी त्याचा सांगाडा तपासला, तेव्हा वसईचं सागवान समुद्रतळाशी पोचूनही शिल्लक होतं. मला याचा फार अभिमान वाटतो.

लाकूडच का, असं कुणी विचारेल. अमेरिकेत तळ्यांवर रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या जुन्या होड्या लोक हौसेने दुरुस्त करतात. हलक्या, कुजत नाहीत. पण ॲल्युमिनियमला खाऱ्या पाण्यात तांब्या-पितळेचा तुकडा चिकटला की ते वेगाने झिजतं, आणि वेल्डिंगला आर्गनवाला कारागीर लागतो. आमच्या किनाऱ्यावर सुतार लवकर सापडतो.

आता मोटर. माझी होडी दोन्ही टोकांना निमुळती. अशा होडीला मोटर बाजूला टांगतात, मग ती एका अंगाला कलते आणि सारखी वळू पाहते. मी मागचं टोक कापून जाड सागवानी फळा बसवून घेतला, त्याला आतून वांकांचा, म्हणजे वाकड्या लाकडांचा, आधार दिला. मग फळ्याची उंची मोजली. मोटरचा दांडा साधारण १५ किंवा २० इंचांचा येतो. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर ओहोटीत चिखल.

आणि हॉर्सपॉवर? पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिची लांबीच मर्यादा घालते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा, साधारण कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. सोळा फुटांना ५.३६ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम दहा किलोमीटर. पंचवीसची मोटर लावलीत तर मागची बाजू पाण्यात बसेल आणि पेट्रोल जळेल. मी आठची घेतली. पाचचीही चालली असती, पण वसईच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीविरुद्ध परतायचं तर हाताशी थोडी ताकद हवी.

टू-स्ट्रोक हलकी, किनाऱ्यावर कुणीही उघडून दुरुस्त करतो. तिच्या पेट्रोलमध्ये लिटरला वीसेक मिली तेल मिसळावं लागतं आणि त्यातलं काही न जळता पाण्यात उतरतं. जाळ्यापाशी रेंगाळत चालवली तर प्लगही काळा पडतो. मी फोर-स्ट्रोक घेतली. वजन चाळीस किलोच्या आसपास, किंमत जास्त, पण खाजणातल्या निवट्या माशांवर तेलाचा तवंग सोडायचा नाही हे माझं ठरलेलं होतं.

मासेमारी करणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. मोटर लागली की होडी यांत्रिक ठरते, नोंदणी लागते आणि १ जूनपासूनची पावसाळी बंदी तिलाही लागू होते. वल्ह्याच्या होडीला ही बंदी नाही.

पाण्यात असताना मोटरच्या मागून पडणाऱ्या बारीक धारेवर नजर ठेवा. धार थांबली म्हणजे थंड करणारं पाणी वर चढत नाही. आमच्या खाडीत बहुतेक वेळा चिखल किंवा प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते. मोटर तिथल्या तिथे बंद करून वर उचला आणि पिशवी कापायला सुरी जवळ ठेवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा, मग उभीच ठेवून सगळं पाणी निथळू द्या.